फोटो काढल्याने कोणाचे लग्न लागत नाही

आपल्या ख्रिस्ती घरांतील वादविषयांत अलीकडे एका नव्या विषयाची भर पडली आहे. वसईपासून गोव्यापर्यंत आपली कितीतरी तरुण मुले-मुली आज लग्नाचे फोटो काढून उदरनिर्वाह करतात. त्यांतली काही कॅनडात, ऑस्ट्रेलियात, इंग्लंडमध्ये स्थायिक झाली आणि तिथेही त्यांनी हाच व्यवसाय पत्करला. त्या देशांत दोन पुरुषांचे किंवा दोन स्त्रियांचे लग्न कायद्याने लागते. कॅनडाने हा कायदा २००५ साली केला, इंग्लंडमध्ये असे पहिले विवाह २०१४ साली झाले, ऑस्ट्रेलियाने २०१७ साली मान्यता दिली. ज्या पोर्तुगालने आपल्या पूर्वजांना डिमेलो, डिसिल्वा ही आडनावे दिली, त्या पोर्तुगालमध्ये हा कायदा २०१० पासून आहे. जिला आपण संतांची भूमी म्हणतो, त्या आयर्लंडच्या जनतेने २०१५ साली सार्वमत घेऊन सुमारे ६२ टक्के मतांनी त्याला होकार दिला. तेव्हा आपल्या मुलाला वा मुलीला अशा लग्नाचे काम येणे यात नवल काहीच नाही. प्रश्न पडतो तो इकडे, मायबापांना. कॅथलिक माणसाने हे फोटो काढावेत काय? ही पापात भागीदारी नव्हे काय?

या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेले उत्तर मिळते: स्पष्ट नकार द्यावा, आणि नकार देणाऱ्याचे कौतुक करावे. माझे मत याच्या नेमके उलट आहे. कॅथलिक फोटोग्राफरने हे काम घ्यावे, ते प्रामाणिकपणे आणि आपुलकीने करावे, असे मला वाटते. आणि या नकाराला आपण जो पुण्याचा मुलामा देतो तो खरवडून काढला पाहिजे, असेही वाटते. हे मत अनेकांना रुचणार नाही याची जाणीव आहे. म्हणूनच ते कारणांसह मांडतो. वाचकांनी कारणे तपासावीत, मग हवा तो निवाडा द्यावा.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. विवाहसंस्कार हा एक पुरुष व एक स्त्री यांच्यातील आजन्म करार आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. तिच्याशी या लेखात मला वाद घालायचा नाही. २०२३ च्या डिसेंबरात दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने व्हॅटिकनने जो जाहीरनामा काढला, त्यात समलिंगी जोडप्यांना साधा, उपासनाविधीबाहेरचा आशीर्वाद देण्याची मुभा धर्मगुरूंना मिळाली. पण तो आशीर्वाद लग्नासारखा दिसू नये, नागरी लग्नाच्या समारंभाला जोडून देऊ नये, हेही त्यात बजावले आहे. म्हणजे मूळ शिकवण जिथे होती तिथेच आहे. माझा मुद्दा ही शिकवण मान्य धरूनच सुरू होतो.

लग्न लावते कोण? लॅटिन परंपरेत विवाहसंस्काराचे कर्ते वधू आणि वर हे स्वतःच असतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने त्यांची संमती विचारतो व स्वीकारतो. ट्रेंटच्या महासभेने १५६३ साली धर्मग्रामाचा धर्मगुरू व दोन-तीन साक्षीदार यांची उपस्थिती सक्तीची केली, ती गुप्त विवाहांतून होणारी फसवणूक थांबावी म्हणून. या सगळ्या रचनेत फोटोग्राफरला जागा कुठे आहे? कुठेच नाही. नोंदवहीत त्याची सही नसते. तो आजारी पडला तरी लग्न लागते आणि त्याचा कॅमेरा बिघडला तरी लग्न टिकते. ज्याच्या असण्याने लग्न वैध होत नाही, त्याच्या असण्याने एखादा समारंभ आशीर्वादित होतो असे मानणे म्हणजे कॅमेऱ्याला वेदीवर बसवणे होय. फोटो काढल्याने कोणाचे लग्न लागत नाही. घडले ते घडले, एवढेच फोटो सांगतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. वर्तमानपत्राचा छायाचित्रकार युद्धाचे फोटो काढतो म्हणून तो युद्धाचा पुरस्कर्ता ठरत नाही, हे ठीक. पण लग्नाचा फोटोग्राफर बातमीदार नसतो. त्याला पैसे मिळतात ते प्रसंग सुंदर दाखवण्याचे. तो समारंभाचे गुणगान करतो, मग त्याचा सहभाग नाही असे कसे म्हणावे?

याचे उत्तर आपल्याच नीतिशास्त्रात आहे. दुसऱ्याच्या कृत्याला होणाऱ्या सहकार्याचे आपल्या धर्मपंडितांनी शतकानुशतके दोन प्रकार सांगितले आहेत. कर्त्याचा हेतू आपलासा करून दिलेली साथ हा एक. आणि तो हेतू स्वीकारला नसताना आपल्या कामाचा त्याला झालेला उपयोग हा दुसरा. पहिला सदोष कृत्यात नेहमीच वर्ज्य. दुसऱ्याचा विचार मात्र अंतर, कारण आणि परिणाम पाहून करायचा. मांडव घालणारा, आचारी, फुलवाला, गाडी चालवणारा हे सर्व दुसऱ्या प्रकारात मोडतात, आणि फोटोग्राफरही त्यांच्याच पंगतीला बसतो. २००३ साली व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक मंडळाने समलिंगी संबंधांच्या कायदेशीर मान्यतेवर जे विवेचन प्रसिद्ध केले, त्याचा दाखला कोणी देईल. ते विवेचन कडक आहे, यात शंका नाही. पण त्यात सहकार्याचा जो प्रश्न येतो, तो असे कायदे करण्याच्या व राबवण्याच्या संदर्भात. नवविवाहितांच्या शेजारी उभ्या असलेल्या आजीचा फोटो काढणारा मुलगा कोणता कायदा राबवतो? सुंदर दाखवण्याविषयी म्हणाल, तर तो सुंदर दाखवतो ती माणसे. देवाने निर्माण केलेल्या माणसाचा चेहरा आनंदात असताना सुंदर दिसतो. हे दाखवणे म्हणजे कोणत्याही सिद्धान्तावर सही करणे नव्हे.

आता आपल्या सदसद्विवेकबुद्धीकडे वळू. ती फार निवडक वेळी जागी होते, असे माझे निरीक्षण आहे. घटस्फोट घेऊन, ख्रिस्तसभेचा निवाडा न घेता, कोर्टात दुसरे लग्न करणाऱ्यांचे फोटो आपला फोटोग्राफर आनंदाने काढतो. ज्या लग्नात मुलीच्या बापाने कर्ज काढून देणेघेणे पूर्ण केले, हे सगळ्या गावाला ठाऊक असते, त्या लग्नातही त्याचा फ्लॅश लखलखतो. मुलीच्या डोळ्यांत संमती नाही हे ज्याने लेन्समधून सर्वांच्या आधी पाहिले, तोदेखील “जरा हसा” एवढेच म्हणतो. अन्य धर्मीयांच्या लग्नांत तो होमाचे, सप्तपदीचे, निकाहाचे फोटो काढतो. त्याची श्रद्धा डळमळली अशी शंका कोणी घेत नाही, आणि ते योग्यच आहे. मग सगळ्या लग्नांपैकी एकाच लग्नाच्या दारात त्याची श्रद्धा अचानक इतकी नाजूक का होते? जी सदसद्विवेकबुद्धी कर्जबाजारी बापासमोर झोपते आणि दोन स्त्रियांसमोर खडबडून उठते, तिला मी सदसद्विवेकबुद्धी म्हणायला तयार नाही. तिचे खरे नाव किळस आहे, आणि किळस हा सद्गुण असल्याचे आपल्या धर्मशिक्षणात कधी शिकवलेले नाही.

परदेशांत या वादाचे निवाडे न्यायालयांत झाले आहेत आणि ते जाणून घेण्यासारखे आहेत. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात २००६ साली एका स्त्रीने आपल्या व सहचारिणीच्या निष्ठाप्रतिज्ञेच्या समारंभासाठी ‘इलेन फोटोग्राफी’ या संस्थेकडे चौकशी केली. त्या राज्यात तेव्हा समलिंगी विवाह कायदेशीर नव्हता. आपण केवळ पारंपरिक लग्नांची कामे घेतो, असे सांगून संस्थेने नकार दिला. पुढे सहचारिणीने समारंभाचे स्वरूप न सांगता विचारणा केली, तेव्हा दरपत्रक लगेच मिळाले. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जो धंदा सर्वांसाठी खुला आहे त्याने अशा कारणावरून ग्राहक नाकारू नये, असा निकाल २०१३ च्या ऑगस्टमध्ये लागला. न्यायमूर्ती बॉसन यांनी आपल्या सहमतीच्या निकालपत्रात लिहिले, की भिन्न श्रद्धांच्या लोकांनी एकत्र नांदायचे तर सार्वजनिक व्यवहारात थोडी तडजोड करावी लागते आणि नागरिकत्वाची ती किंमत असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्यात हात घालण्याचे नाकारले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बेलफास्टमधील एका बेकरीने समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या अशा घोषवाक्याचा केक करण्यास नकार दिला होता. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बेकरीच्या बाजूने कौल दिला, कारण नकार ग्राहकाला नव्हता, केकवरच्या मजकुराला होता. तो मजकूर कोणीही मागितला असता तरी नकारच मिळाला असता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ च्या जूनमध्ये, सहाविरुद्ध तीन मतांनी, असे ठरवले की लग्नाची संकेतस्थळे रचू इच्छिणाऱ्या कोलोरॅडोतील एका स्त्रीला तिच्या श्रद्धेविरुद्ध अभिव्यक्ती करण्यास राज्य भाग पाडू शकत नाही. म्हणजे कायदा एका दिशेने वाहत नाही, आणि फोटो ही सेवा की अभिव्यक्ती, हा प्रश्न तिथेही पुरता सुटलेला नाही.

बेलफास्टच्या निकालातला भेद मला मोलाचा वाटतो: मजकूर नाकारणे वेगळे, माणूस नाकारणे वेगळे. ख्रिस्तसभेच्या शिकवणीची टिंगल करणारा फलक रंगवून द्या, असे कोणी म्हटले तर कॅथलिक चित्रकाराने खुशाल नाही म्हणावे. पण फोटोत मजकूर कोणता असतो? तिथे दोन माणसे असतात, त्यांची भावंडे, मित्र, आजी असते. तिथे नकार दिला तर तो माणसालाच लागतो. शिवाय कायदा काय खपवून घेतो आणि ख्रिस्ती माणसाने काय करावे, हे दोन प्रश्न आहेत. एखाद्या देशाचा कायदा नकार देण्याची मुभा देतो, एवढ्याने नकार पुण्यकर्म होत नाही. शेजाऱ्याशी न बोलण्याची मुभाही कायदा देतोच.

आता ‘चारचौघांत शोभत नाही’ या आक्षेपाकडे येतो. अशी लग्ने म्हणजे थिल्लरपणा, विवाहाची विटंबना, असे म्हटले जाते. तिथे म्हणे पाहुणे काडीला चिकटवलेल्या कागदी मिशा लावून फोटो काढून घेतात, हिरवळीवर पोरांसारखे खेळ मांडतात, केकवर मातीची दोन हसरी माणसे बसवतात. हे खरे आहे. अशा अनेक लग्नांत खेळकरपणा असतो आणि हाताने केलेल्या वस्तूंची रेलचेल असते: जुन्या पुस्तकांची पाने कातरून केलेल्या पताका, मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांत मावशीच्या परसातली फुले, बटणांचा किंवा घडी घातलेल्या कागदाचा पुष्पगुच्छ, मैत्रिणींनी तुकडे जोडून शिवलेली गोधडी, स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या पत्रिका. हे सारे कुठून आले याचा विचार आपण केला आहे काय? बाजारात तयार मिळणारे लग्नाचे साहित्य सगळे एक वधू आणि एक वर धरून बनवलेले. छापील पत्रिकेचा मजकूर तसा, केकवरचे बाहुले तसे, अल्बमची रचनाही तशीच. ज्यांच्यासाठी बाजारात काहीच तयार नव्हते, त्यांनी हाताने बनवले. गरजेतून आलेल्या या सवयीची पुढे आवड झाली. आणि हसण्याचे म्हणाल, तर ज्याला आयुष्यभर लपून राहावे लागले त्याने एक दिवस मोकळेपणी खेळायचे ठरवले, यात विटंबना कोणाची होते?

आपल्या जुन्या लग्नांची आठवण ठेवणाऱ्यांनी तरी हा आक्षेप घेऊ नये. गोव्यात रोस लावताना नारळाच्या दुधाने वधूला आणि वराला न्हाऊ घालतात, तेव्हा नातलग काय थोडी मस्करी करतात? ईस्ट इंडियन घरांत उंबराचे पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवर जातात, तेव्हा कोण गंभीर चेहऱ्याने चालतो? घरच्या फुग्यांसाठी पीठ फेटणाऱ्या बायका, मांडवासाठी कागद कातरणारी पोरे, एकमेकींच्या कुळाचा उद्धार करणारी गाणी हेच आपले लग्न होते. आनंदाची थट्टा आणि संस्काराची थट्टा यांतला फरक आपल्या आज्यांना चांगला कळत होता. आज त्यांची नातवंडे काय करतात? आकाशात ड्रोन घिरट्या घालतो, लग्नाआधीच समुद्रकिनाऱ्यावर भाड्याच्या कपड्यांत चित्रीकरण होते, आणि फोटोग्राफरने वेदीच्या पायऱ्या चढू नयेत म्हणून धर्मगुरूंना ताकीद द्यावी लागते. वधूवरांनी एकमेकांना वचन दिले त्या क्षणी त्यांच्याकडे पाहिले कोणी? सगळे पडद्याकडे पाहत होते. तेव्हा विटंबनेचा हिशेब मांडायचाच, तर तो आपल्या घरापासून मांडू.

हा फोटो काढायचा कसा, हेही सांगितले पाहिजे, कारण काम घेऊन ते तुच्छतेने करणे हे नकारापेक्षाही वाईट. लग्नाच्या फोटोंचे ठरलेले साचे असतात: वर मागे, वधू पुढे, तिचा हात त्याच्या छातीवर. हे साचे इथे लागू पडत नाहीत. दोघींपैकी एकीला उगाच ‘नवरदेव’ ठरवून उभे करणे म्हणजे तिचा अपमान. दोन्ही वधू शुभ्र पोशाखात असल्या तर कॅमेऱ्याचे प्रकाशमापन फसते. तो पांढऱ्याला राखाडी करू पाहतो, आणि भरपाई जास्त झाली तर लेसची सगळी नक्षी धुऊन निघते. दोन काळे सूट शेजारी आले की दोन देहांच्या कडा एकमेकींत हरवतात, मग बाजूने किंवा मागून प्रकाश आणावा लागतो. दोघांची तयारी एकाच वेळी दोन खोल्यांत चालते, म्हणून दोन फोटोग्राफर लागतात. हाताने केलेल्या वस्तूंसाठी पाहुणे येण्याआधी, खिडकीच्या मऊ उजेडात, जवळ जावे लागते. आणि त्याआधी विचारावे लागते की हे कोणी केले. त्या प्रश्नाचे उत्तर हाच खरा फोटो असतो. गोधडी शिवणाऱ्या मैत्रिणीचे हात टिपले नाहीत तर गोधडीचा फोटो दुकानातल्या मालाचा फोटो ठरतो. कित्येकदा अशा लग्नाला घरचे अर्धे लोक आलेले नसतात. अशा वेळी एका काकीने रात्र जागून केलेला केक हा नुसता केक नसतो. साऱ्या कुटुंबाच्या वतीने एकटीने दिलेली ती साक्ष असते. फोटोग्राफरला हे कळले पाहिजे.

आणखी एक पथ्य आहे, चेहऱ्यांचे. दिल्लीत जन्मलेले छायाचित्रकार सुनील गुप्ता यांनी १९८६-८७ साली दिल्लीतील समलिंगी पुरुषांची एक छायाचित्रमालिका केली. राजधानीच्या ओळखीच्या स्थळी ही माणसे उभी आहेत, पण अनेकांचे चेहरे दिसत नाहीत. दाखवणे धोक्याचे होते. तेव्हापासून देश पुढे आला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. तरीही कोणाचा चेहरा कुठे पोचावा हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. फोटोग्राफरने स्वतःच्या जाहिरातीसाठी परस्पर फोटो पसरवला, तर एखाद्याची नोकरी जाईल, एखादीला घर सोडावे लागेल. इतर लग्नांत जी केवळ शिष्टाचाराची बाब असते, ती इथे जबाबदारीची आहे.

कोणी विचारील की एका फोटोचे एवढे काय? याचे उत्तर एका जुन्या घटनेत आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १९५७ साली दोन पुरुषांनी मित्रमंडळींच्या साक्षीने, एका घरात, आपले लग्न साजरे केले. कायद्याच्या दृष्टीने त्याला काहीच अर्थ नव्हता. केक कापला, भेटवस्तू उघडल्या, नृत्य झाले. कोणीतरी फोटो काढले आणि रोल धुण्यासाठी दुकानात दिला. रोल धुतला गेला, फोटो छापले गेले, पण विषय अनुचित वाटल्याने दुकानाने ते ग्राहकाला परत दिलेच नाहीत. तिथल्या एका कर्मचाऱ्याकडे ते राहिले आणि अनेक दशकांनंतर लॉस एंजेलिस व फिलाडेल्फिया येथील अभिलेखागारांत पोचले. ज्यांचे ते होते त्यांना मात्र ते बघायला मिळाले नाहीत. त्या दुकानदाराने कोणाची नीती वाचवली? लग्न तर होऊन गेले होते. ते दोघे एकमेकांना विसरले नसतील. त्याने हिरावून घेतली ती फक्त आठवण. आज नकार देणारा फोटोग्राफर त्याच दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला आहे, फरक इतकाच की तो रोल भरण्याआधीच अडवतो.

आपल्या देशात तर याला अधिक अर्थ आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला, आणि २०२५ च्या जानेवारीत फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या. ज्यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो, त्या दोघांनी २०२१ च्या डिसेंबरात हैदराबादेत आप्तांच्या उपस्थितीत हळद, मेंदी आणि अंगठ्यांचा समारंभ केला होता. अशा जोडप्याला इथे दाखला मिळत नाही, नोंदवहीत ओळ मिळत नाही. त्या दिवशी आपली माणसे आपल्या सोबत होती याचा एकमेव पुरावा म्हणजे फोटो. कायद्याने त्यांना काय द्यावे यावर वाचकांची मते भिन्न असू शकतात. पण एक चित्रही देऊ नये, एवढे कठोर व्हायला आपल्याला कोणी सांगितले?

ख्रिस्तसभेने तर नाहीच. कॅथलिक श्रद्धाग्रंथाने अशा व्यक्तींना आदराने, करुणेने व हळुवारपणे वागवावे, त्यांच्याबाबत अन्याय्य भेदभावाची खूणही दिसू नये, असे बजावले आहे. हे वाक्य आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात वाचतो आणि वर्गातच ठेवून येतो. आदर म्हणजे काय? लग्नाच्या धंद्यात आदर म्हणजे वेळेवर येणे, नाव विचारणे, प्रकाश नीट पाहणे आणि आलेल्या प्रत्येकाला चौकटीत जागा देणे. प्रभू येशूने समरियातील विहिरीवर त्या पाच नवरे झालेल्या स्त्रीकडे आधी पाणी मागितले. तिच्या संसाराचा विषय नंतर निघाला. आपण मात्र आधी संसाराचा दाखला मागतो आणि पाण्याचे भांडे मागेच ठेवतो.

एखाद्याला मनापासून, सर्व बाबतीत सारख्याच काटेकोरपणे, हे काम झेपत नसेल तर मी त्याच्यावर सक्ती करणार नाही. त्याने नम्रपणे, उपदेश न करता, दुसऱ्या चांगल्या फोटोग्राफरचे नाव सुचवावे. जिथे कायदा नकाराला मुभा देत नाही, तिथे त्याची जी किंमत पडेल ती स्वतःच्या खिशातून द्यावी आणि हुतात्मा म्हणवून घेऊ नये. पण मग त्याने दुसऱ्या लग्नांचे, कर्जाच्या लग्नांचे, नाखूश मुलींच्या लग्नांचे कामही सोडावे. इतका काटेकोर मनुष्य मला भेटला तर मी त्याला मान देईन. माझी तक्रार आहे ती एकाच दारावर कुलूप लावणाऱ्यांशी.

आणि शेवटचा शब्द फोटोग्राफरांशी नाही, मायबापांशी आहे. मुलाने असे काम घेतले म्हणून तुम्ही चिंतेत पडता, हे मी समजू शकतो. पण तुमच्यापैकी काहींच्या घरी उद्या काम येणार नाही, पत्रिका येईल. हाताने लिहिलेली, तुमच्याच मुलीच्या किंवा पुतण्याच्या अक्षरातली. तेव्हा प्रश्न कॅमेऱ्यामागे कोण उभे राहते हा नसेल, कॅमेऱ्यासमोर कोण उभे राहते हा असेल. तुम्ही गेलात म्हणून ते लग्न ख्रिस्तसभेचा संस्कार होणार नाही, आणि तुम्ही गेला नाहीत म्हणून ते थांबणारही नाही. फरक पडेल तो एकाच ठिकाणी. कुटुंबाच्या फोटोसाठी सगळ्यांना बोलावले जाईल, तेव्हा फोटोग्राफर सवयीने विचारील, “आईवडील कुठे आहेत?” त्या प्रश्नाला तुमच्या लेकराने काय उत्तर द्यावे, हे आजच ठरवून ठेवा.